दोन भाडी आणि रात्रीची वाट : शहर नियोजनाच्या संशोधनात उतरताना

मराठीत घराचंही भाडं असतं आणि बसचंही. परवडणाऱ्या घरांवर काम करायला निघालेल्याने ही दोन्ही भाडी पहिल्या दिवसापासून एकाच कुटुंबापुढे, तक्त्याच्या एकाच ओळीत लिहावीत. त्याच ओळीत एक रकाना रात्रीच्या वाटेचाही ठेवावा. वाहतूक एकाने, घरं दुसऱ्याने आणि सुरक्षितता तिसऱ्याने अभ्यासली की तिन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर दिसतात, पण तिथे राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब कुठेच लागत नाही.

समजा, मुंबईत एका कुटुंबाला कामाजवळची खोली ९,००० रुपयांना मिळते आणि लांबची ६,५०० ला. कमावते दोघं, महिन्याचे दिवस २६. लांबच्या खोलीतून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षाचे १५ रुपये, जाऊन-येऊन दोघांचे १,५६०. लोकलचे दोन पास मिळून ५०० धरा. पुढे बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये आहे, त्याचे १,०४०. प्रवासाचे झाले ३,१००, म्हणजे स्वस्त खोली पडली ९,६०० ला. यात रोजचे वाढलेले दोन तास धरलेलेच नाहीत.

सुरुवातीला सगळं शहर घेऊ नका. एक वसाहत आणि तिचं एक स्टेशन पुरे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांलगतची हजारो कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत हलवली गेली. २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं, पण अनेकांची कामं जुन्या जागीच राहिली. घर, प्रवास आणि वाट हे तिन्ही प्रश्न एकाच दारातून बाहेर पडताना बघायचे असतील तर अशीच जागा निवडावी.

आधी कागद. २०११ च्या जनगणनेत घर ते कामाचं ठिकाण हे अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं गेलं; तक्ता बी-२८. पण त्यात फक्त 'इतर कामगार' आहेत. शेती आणि घरगुती उद्योगातले त्यात नाहीत, त्यामुळे घरी बसून जरीकाम किंवा पापड करणाऱ्या बायका त्यात शोधू नका. घरभाड्यासाठी नोंदणी विभागाची सूची क्रमांक २ बघा. नोंदलेल्या भाडेकराराचं भाडं आणि अनामत त्यात मिळते. वस्त्यांमधले व्यवहार मात्र बहुतेक तोंडी असतात, आणि 'हेवी डिपॉझिट'वर, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत देऊन, राहणारं कुटुंब महिन्याला काहीच देत नाही. त्याचं भाडं शून्य लिहिलं तर निष्कर्ष कोसळतो. ती रक्कम कुठून उभी केली, व्याज किती, हे विचारून त्याचा महिन्याचा खर्च काढा.

'परवडणारं' हा शब्दही तपासून वापरा. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख आहे, म्हणजे महिन्याला ५० हजार. बावीस हजारांत चालणारं घर आणि अठ्ठेचाळीस हजारांत चालणारं घर या गटात शेजारी बसतात. म्हणून सरकारी गट नोंदवा, पण विश्लेषण प्रत्यक्ष उत्पन्नावर करा.

जे प्रसिद्ध झालेलं नाही ते माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस, म्हणून हा अर्ज प्रश्नावली लिहिण्याच्या आधी टाकायचा असतो. 'सुरक्षिततेची माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. 'अमुक रस्त्यावरील दिव्यांची संख्या, बंद दिव्यांच्या तक्रारी, तारखेनुसार' असं लिहा.

आता दारोदार जाणं. मोठ्या वसाहतीत १२० कुटुंबं पहिल्या अभ्यासाला पुरतात. एक मुलाखत ३५-४० मिनिटांची आणि एका माणसाच्या दिवसाला सहा. सातवी घेतली की उत्तरं उरकली जातात. नमुना, म्हणजे मुलाखतीसाठी निवडलेली घरं, इमारत आणि मजला यांनुसार आधीच ठरवून ठेवा, नाहीतर लिफ्ट बंद असताना वरचे मजले आपोआप गळतात आणि लिफ्टचा त्रास सगळ्यात जास्त असलेलेच लोक नमुन्यात येत नाहीत. दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊ नका. तीन वेळा परत जा, त्यातली एक फेरी रात्री आठनंतर आणि एक रविवारी. दिवसा घरी सापडणाऱ्यांनीच नमुना भरला तर प्रवासखर्च खोटा कमी दिसतो. ही चूक फार सहज होते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न ओळखीच्या शब्दांत हवेत. नुसतं 'भाडं किती?' विचारलं तर कोणी खोलीचं सांगतं, कोणी रिक्षाचं. 'घर स्वतःचं का?' हा प्रश्न पुनर्वसन इमारतीत विचारूच नये. तिथे घर भाड्याने देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही कारवाईची धास्ती असते. उत्तर 'हो' येतं. 'इथे कधीपासून राहता, आणि घरापायी महिन्याला काय काय द्यावं लागतं?' असं विचारा, देखभालखर्चही त्यातच येतो. खोली क्रमांक आणि मोबाइल क्रमांक उत्तरांच्या फाइलमध्ये ठेवू नका.

प्रवास विचारताना 'काल सकाळी उठल्यापासून कुठे कुठे गेलात?' इथून सुरू करा. पायी फेऱ्या लोक सांगतच नाहीत, आणि मुलाला शाळेत सोडून तसंच कामाला जाणारी बाई ती एकच फेरी मोजते. घरातल्या पुरुषाला सगळ्यांच्या फेऱ्या विचारल्या तर बायकांच्या बऱ्याच हरवतात. प्रत्येकाला स्वतंत्र विचारा, वेळ लागला तरी.

सुरक्षिततेत नवखे लोक गुन्ह्यांच्या आकड्यांवर थांबतात. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी राष्ट्रीय आकडेवारीत सगळ्यात गंभीर एकच मोजलं जातं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे विनयभंगाचं जुनं कलम ३५४ आता ७४ आहे आणि पाठलागाचं ३५४-ड आता ७८. वर्षांची तुलना करताना हे जुळवून घ्यावं लागतं. फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, बाहेरच्या रस्त्यावरचा शहर पोलिसांकडे. शिवाय तक्रारी वाढणं म्हणजे लोक चौकीची पायरी चढायला लागले, असंही असू शकतं.

म्हणून वाट स्वतः चालायची. दोघांनी, त्यातली एक बाई, वसाहतीच्या दारापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत, संध्याकाळी सात आणि रात्री साडेनऊ अशा दोन वेळा. दर ५० मीटरला थांबून दोन मिनिटांत किती माणसं गेली आणि त्यांत बायका किती, उघडी दुकानं किती, हे लिहा. पदपथाची मोकळी रुंदी फितीने मोजा; भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये ती किमान १.८ मीटर आहे. मोकळी म्हणजे विजेचे डीपी बॉक्स, खांब आणि टपरी वगळून. उजेड लक्समीटरने, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राने, जमिनीलगत आडवा धरून मोजा, एकदा दिव्याखाली आणि एकदा दोन दिव्यांच्या मध्ये. मोबाइलचं ॲप चालत नाही, फोनगणिक आकडा बदलतो. नुसता दिव्याखालचा आकडा घेतला तर अंधारी गल्लीही कागदावर उजळ होते.

'भीती वाटते का?' याला मुली बहुतेक 'नाही' म्हणतात, आई शेजारी असली तर नक्कीच. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात कुठली वाट टाळली, किती वळसा पडला, रिक्षाला किती गेले?' असं विचारा. दहा मिनिटांची वाट सोडून रोज रात्री रिक्षा घेणारीच्या भीतीची किंमत इथे रुपयांत मिळते, आणि ती थेट दोन्ही भाड्यांच्या ओळीत बसते.

शिक्षणाचं थोडक्यात. पदव्युत्तर नियोजनाच्या प्रवेशासाठी अनेक संस्थांत गेट परीक्षेचा आर्किटेक्चर-प्लॅनिंग पेपर चालतो. त्यात नियोजनाचा विभाग बी-२. नकाशे करायचं क्यूजीआयएस आणि सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीचं कोबोटूलबॉक्स फुकट आहेत, प्रवेशाची वाट न बघता शिकता येतात. शासन निर्णय मराठीत निघतात आणि ते मुळातून वाचता येणं ही या क्षेत्रात मोठी शिदोरी आहे.

काम संपलं की नकाशा आधी वसाहतीत लावा. चुकलेली गल्ली रहिवासी तिथल्या तिथे दाखवतात. मग दुरुस्त नकाशा ज्याच्या त्याच्या हद्दीप्रमाणे तोडून पाठवायचा असतो. पदपथ वॉर्ड कार्यालयाचा, दिवे वीज कंपनीकडे, जिना रेल्वेचा, थांबा बेस्टचा. प्रत्येकाला एकच पान, त्याच्या हद्दीतल्याच जागा, फोटो, मोजलेला आकडा आणि मोजल्याची तारीख-वेळ. पोच घ्यायला विसरू नका.