फोनवर काढलेला व्हिडिओ घरच्या टीव्हीवर कसा चालवायचा, आवाज मागेपुढे न होता

आमच्याकडे सांगलीत घरात, गल्लीत, भजनी मंडळात कुणाचाही व्हिडिओ टीव्हीवर चालला नाही की तो पेनड्राईव्ह फिरत फिरत माझ्याकडेच येतो, गेली दहाएक वर्षं हेच चाललंय. लग्नाचे, बारशाचे, गॅदरिंगचे, सगळे करून झालेत. आणि प्रत्येक वेळी आधी कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की काही नाही हो, नुसतं एमपीफोर करून टाका. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी लोकांचे चांगले व्हिडिओ खराब होतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे फाईलच्या नावापुढचं एमकेव्ही पुसून तिथे एमपीफोर लिहायचं. हळदीच्या पोत्यावर बेदाण्याची चिठ्ठी लावली म्हणून आत बेदाणे होत नाहीत. एमपीफोर, एमकेव्ही, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात, आणि टीव्हीला कळतं किंवा कळत नाही ते कोडेक. आवाज येतोय पण पडदा काळा, किंवा चित्र मस्त पण आवाजच नाही, असं होतं ते यामुळेच.

पायरी १. मूळ फाईल मिळवा

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ कन्व्हर्ट करत बसू नका, तो आधीच पिळून निघालेला असतो. ज्याच्या फोनमध्ये काढलाय त्याच्याकडून केबलने घ्या, नाहीच जमलं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसं २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते.

पायरी २. आत काय आहे ते बघा

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल उघडायची. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, आणि फ्रेम रेट मोडपुढे काय लिहिलंय ते (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, आणि फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला अशी किती चित्रं). तिसरी गोष्ट कुणीच बघत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो, त्यावर खाली सविस्तर येतोच.

चित्रापुढे एव्हीसी लिहिलं असेल तर ते एच.२६४, २००३ सालचं, पेनड्राईव्हवरून व्हिडिओ चालवणारा जवळपास प्रत्येक टीव्ही ते चालवतो. एचईव्हीसी असेल तर ते एच.२६५, २०१३ सालचं, तेवढ्याच क्वालिटीला साधारण निम्मी जागा घेतं पण जुन्या टीव्हीला ते कळत नाही. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, यातच रेकॉर्ड करू शकतो, त्यामुळे भाचा पुण्याहून आयफोन घेऊन आला आणि व्हिडिओ चालेना, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. आवाजाला एएसी असेल तर निर्धास्त राहा, डीटीएस असेल तर बऱ्याच टीव्हीवर, अगदी नव्यासुद्धा, आवाज येत नाही.

पायरी ३. कन्व्हर्ट करायची खरंच गरज आहे का

आत एच.२६४ आणि एएसीच आहे, फ्रेम रेट कॉन्स्टंट म्हणजे सगळीकडे सारखा आहे, फक्त डबा एमकेव्ही आहे, तर नुसता डबा बदला. लॉसलेसकट नावाचं सॉफ्टवेअर वापरा, दोन तासांचा व्हिडिओसुद्धा काही मिनिटांत होतो आणि क्वालिटी तसूभर कमी होत नाही. अशी फाईल पुन्हा कन्व्हर्ट करत बसणं म्हणजे तळलेलं परत तळणं.

पायरी ४. हँडब्रेक

बाकी सगळ्यासाठी हँडब्रेक नावाचं कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जाहिराती नाहीत, व्हिडिओवर कुणाचा शिक्का उमटत नाही. ज्या वेबसाईटवर फाईल चढवून कन्व्हर्ट होते तिथे घरच्या लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ चढवायला जाऊच नका, एक तर चढेपर्यंत रात्र जाते आणि वर घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ कुठल्या सर्व्हरवर पडून राहतात कुणास ठाऊक.

फाईल ओढून टाका, प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, 'फास्ट १०८०पी३०' घ्या, डबा एमपीफोर, एन्कोडर (चित्र कोडेकमध्ये दाबून भरणारा) एच.२६४ आणि नावात एक्स२६४ असलेलाच, १०-बिट लिहिलेला नको. क्वालिटीचा आकडा २० ते २२ ठेवा, आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. आवाज एएसी. ग्राफिक्स कार्डवाला एन्कोडर निवडला की काम झटपट होतं खरं, पण तेवढ्याच साईझमध्ये चित्र थोडं कमी उतरतं, म्हणून ठेवायच्या व्हिडिओला मी तो वापरत नाही. रात्री लावून झोपा.

पायरी ५. फ्रेम रेट, इथे थांबा

इथे मी स्वतः आठवडाभर अडकलो होतो, म्हणून हे नीट वाचा.

हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात आमच्या मंडळाचं भजन होतं. आत्या तासगावला असते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं त्यामुळे तिला येता आलं नाही, म्हणून मी फोन स्टँडला लावून सलग ४५ मिनिटं रेकॉर्डिंग केलं. घरी आल्यावर एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढलं, पहिली पाचेक मिनिटं बघितली, झकास होतं, आणि पेनड्राईव्ह तासगावला पोचवला. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, अरे, सुरुवातीला बरं होतं, पण नंतर नंतर टाळ मिटल्यावर मागनं आवाज येतोय, शेवटच्या गजराला तर बघवत नाही बाबा. मी जाऊन बघितलं तर अगदी तसंच. पखवाजावर थाप पडलेली दिसते, हात वर गेलेला दिसतो, आणि मग थाप ऐकू येते. बोलण्याच्या व्हिडिओत माणूस हे एकवेळ चालवून घेतो पण तालाच्या गोष्टीत नाही, आणि आत्या तर जन्मभर भजनात बसलेली बाई.

ज्याला त्याला विचारलं, तर प्रत्येकाचं एकच, आवाज पुढेमागे सरकव. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असतो तो बघ म्हणाले, पण तो आवाज अजून उशिरा करतो आणि इथे आवाज आधीच उशिरा येतोय. व्हीएलसीमध्ये जे आणि के ही बटणं दाबून आवाज दोन्हीकडे सरकवता येतो, तेही केलं, शेवट जुळवला तर सुरुवात बिघडली, सुरुवात जुळवली तर मधलं बिघडलं. चार संध्याकाळी यात गेल्या. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: फरक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तरच आवाज सरकवून उपयोग. फरक वाढत जात असेल तर सरकवत बसू नका, दुखणं वेगळं आहे.

दुखणं असं असतं. आपण म्हणतो फोन सेकंदाला ३० फ्रेम काढतो, पण बरेच फोन ते काटेकोर पाळत नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फोन फ्रेम कमी काढतो, उजेड आला की परत ३० वर येतो. प्रत्येक फ्रेम कुठल्या क्षणाची आहे ती नोंद फाईलमध्ये असते, म्हणून फोनवर बघताना सगळं जुळतं. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहून येतं ते हेच. आता साधे कन्व्हर्टर काय करतात, ती नोंद बघतच नाहीत, ३० चा व्हिडिओ आहे असं धरून फ्रेमला फ्रेम जोडून मोकळे होतात.

माझ्या फाईलचं गणित नंतर मांडलं. भजनात मध्ये दोनदा लाईट गेली होती आणि जनरेटर लागेपर्यंत दर वेळी सातेक सेकंद नुसत्या समईच्या उजेडात चाललं होतं. तेवढ्या वेळात फोन २४ फ्रेमवर आला. ४५ मिनिटांना ३० च्या हिशोबाने ८१,००० फ्रेम लागतात आणि माझ्या फाईलमध्ये ८१ कमी होत्या. हजारात एक. पण ८१ फ्रेम म्हणजे २.७ सेकंद, चित्र तेवढं आधी संपलं आणि आवाज मागे राहिला. पहिल्यांदा लाईट जाईपर्यंत सगळं बरोबर होतं, म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं बघून मला काहीच कळलं नव्हतं.

उपाय हँडब्रेकमध्येच आहे, 'व्हिडिओ' टॅबमध्ये. तिथे फ्रेमरेटच्या यादीतून आकडा स्वतः निवडा, फोनचा व्हिडिओ साधारण ३० चा असतो तर ३०, आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिंब द्या. प्रीसेट निवडल्यावर तिथे 'पीक फ्रेमरेट' आपोआप असतं, ते व्हेरिएबलच ठेवतं, ते तसंच सोडू नका. प्रत्येक वेळी प्रीसेट बदलला की हे टिंब परत तपासा, कारण ते गुपचूप मूळ जागेवर जातं. कॉन्स्टंट केलं की सॉफ्टवेअर वेळेची नोंद वाचून, जिथे फ्रेम कमी आहेत तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा ठेवतं आणि आवाजाला धक्का लावत नाही. डोळ्याला ती पुन्हा आलेली फ्रेम दिसत नाही.

आणि हे मूळ फाईलवरच करायचं. आवाज मागे पडलेली, एकदा कन्व्हर्ट झालेली फाईल परत हँडब्रेकमध्ये टाकून काही होत नाही, कारण वेळेची नोंद पहिल्याच कन्व्हर्टरने टाकून दिलेली असते. मी रेकॉर्डिंग फोनमधून पुसलं नव्हतं म्हणून वाचलो. टीव्हीवर शेवटपर्यंत बघितल्याशिवाय फोनमधली फाईल पुसायची नाही, हे मी आता सगळ्यांना बजावून सांगतो.

अजून एक चुकीचा सल्ला फिरतो की ३० सेकंदांचा तुकडा काढून तपासा. रंग, साईझ, टीव्ही फाईल घेतो का हे तपासायला तुकडा ठीक आहे. आवाजासाठी नाही. हा फरक साठत साठत वाढतो, तुकड्यात तो दिसणारच नाही, आणि नुसता शेवटचा मिनिट काढला तरी दिसणार नाही कारण तिथे मोजणी नव्याने सुरू होते. पूर्ण फाईलच काढायला लागते. वेळ वाचवायचा असेल तर पहिली खेप ४८० च्या लहान साईझमध्ये, सगळ्यात वेगवान सेटिंगवर काढा, चित्र कसंही असू दे, शेवटाला जाऊन टाळ आणि हात जुळतायत का बघा, आणि मग खरी फाईल लावा.

पायरी ६. तपासणी

तीन जागा बघायच्या, सुरुवात, मध्य, शेवट. जिथे हात आणि आवाज एकत्र दिसतो अशी जागा शोधा, टाळी, तबला, ओवाळताना वाजणारी घंटा, लग्न असेल तर अक्षता पडतानाचा ताशा. ओठांवरून बघू नका, लवकर कळत नाही. आता मी रेकॉर्डिंग चालू केल्यावर आणि बंद करायच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो, तपासायला तेवढी पुरते.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीवरून करत असाल तर आकडा ३० नाही, २५ निवडा, आपल्याकडच्या डीव्हीडी बहुतेक २५ च्याच असतात, आणि हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर 'फिल्टर्स' मध्ये डीकॉम्ब लावा.

पायरी ७. पेनड्राईव्ह

पेनड्राईव्ह एफएटी३२ ला फॉरमॅट केलेला असेल तर एक फाईल ४ जीबीच्या आतच हवी, मोठी फाईल कॉपीच होत नाही. मग क्वालिटीचा आकडा एकदोनने वाढवा किंवा कार्यक्रमाचे दोन भाग करा. एक्सएफएटी सगळे टीव्ही वाचत नाहीत. फाईलचं नाव साधं आणि लहान ठेवा.

पुढच्या वेळी काम कमी करायचं असेल तर रेकॉर्डिंगच्या आधीच फोनमध्ये बदल करा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' मध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा, आणि एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर साध्या टीव्हीवर रंग फिके, धुतल्यासारखे दिसतात, पैठणीचा जांभळा राखाडी होतो आणि तो परत आणायला मोठी खटपट आहे. अँड्रॉइडमध्येही बहुतेक कॅमेऱ्यांत कोडेक निवडता येतो, तिथे एच.२६४ घ्या.

एवढं करूनही टीव्ही फाईल घेत नसेल तर हँडब्रेकमध्ये प्रोफाईल 'मेन' आणि लेव्हल ४.० करून बघा, तरीही नाही तर साईझ ७२० वर आणा. आत्याचा ३२ इंची टीव्ही ७२० ला लगेच चालला, आणि त्या पडद्यावर १०८० पेक्षा त्यात काही कमी दिसत नाही.