साइन ३० पासून सुरुवात करा
माझी लेक इथे इंग्लंडमध्ये जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला बसतेय. गणिताचे तीन पेपर: पहिला कॅल्क्युलेटरविना, उरलेले दोन कॅल्क्युलेटरसह. मी दहावीला सगळं हातानेच केलेलं, त्यामुळे तिच्यासोबत बटणं नव्याने शिकले.

आधी साइन ३० काढा. ०.५ यायला हवं. −०.९८८ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे, डिग्रीवर आणा. ऋण संख्येचा वर्ग करताना कंस घालाच. −३² दिलं तर −९ येतं, (−३)² दिलं तर ९.

मला सगळ्यात आवडतं ते आधीचं उत्तर लक्षात ठेवणारं 'अ‍ॅन्स' बटण. समजा २००० पौंड, दरसाल ३ टक्के चक्रवाढ व्याज. २५०० कधी ओलांडतील? २००० टाइप करून 'बरोबर' (=) दाबा. मग अ‍ॅन्स × १.०३, आणि पुढे नुसतं 'बरोबर' दाबत वर्षं मोजा. सातव्या वर्षी २४५९.७५, आठव्या वर्षी २५३३.५४. म्हणजे ८ वर्षं. मधलं उत्तर दोन दशांशांत तोडून पुन्हा टाइप करू नका. अ‍ॅन्स पुढचे दशांशही धरून ठेवतं.

आणि २००० × १.०३⁸ ही पायरी कागदावर लिहाच. बोट चुकून उत्तर फसलं, तरी पद्धतीचे गुण मिळू शकतात.