अपडेटनंतर लॅपटॉप अडलाय? ‘विंडोज मारून द्या’ म्हणण्याआधी या चुका टाळा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे अपडेट येतात. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे लॅपटॉपमध्ये ते उतरतात बुधवारी-गुरुवारी. शनिवारी माझ्या दुकानात रांग लागते. साताऱ्यात लॅपटॉप दुरुस्ती करायला लागून मला अकरा वर्षं झाली आणि ‘ताई, अपडेटनं वाट लावली, विंडोज मारून द्या’, म्हणजे सगळं पुसून नव्यानं टाकून द्या, हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकते. उघडून बघितलं की बहुतेक वेळा अपडेटनं केलेला बिघाड लहानच असतो. मोठा बिघाड त्यानंतरच्या अर्ध्या तासात, घाईघाईत आपल्याच हातून झालेला असतो. म्हणून हे लिहायला बसले.

टक्के हलत नाहीत म्हणून बटण दाबून ठेवणं

गोल फिरतंय, तीस टक्क्यांवर थांबलंय, दहा मिनिटं झाली. लोक पॉवरचं बटण दाबून धरतात आणि लॅपटॉप बंद करतात. हे करू नका. ते टक्के घड्याळासारखे सरकत नाहीत. एकाच आकड्यावर अर्धा तास थांबून पुढे एकदम ऐंशीवर गेलेले मी कितीदा पाहिलेत. माझा नेम असा: एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असेल तर दीड तास, जुनी हार्ड डिस्क असेल तर चार तास हात लावायचा नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर त्याहूनही जास्त. रात्री चार्जर लावून ठेवायचा आणि झोपायचं.

यातला सगळ्यात वाईट प्रकार बायोसच्या, म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटचा. विंडोजच्या अपडेटबरोबर कधीकधी लॅपटॉपच्या बायोसचं अपडेटही येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रीस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आणि खाली एक पट्टी दिसते, ती हीच.

गेल्या मे महिन्यात एक प्राथमिक शिक्षक लॅपटॉप घेऊन आले. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली. पडद्यावर चाळीस टक्के दाखवायची, पण चार्जर काढला की मिनिटभरात सगळं बंद. नव्या बॅटरीचा खर्च नको म्हणून सर चार्जरवरच काम चालवत होते. वळवाच्या पावसात दुपारी लाईट गेली, नेमकी ती पट्टी अर्ध्यावर असताना. त्यानंतर बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा दोन सेकंद फिरायचा आणि थांबायचा. पडदा काळाच.

मी खालचं झाकण काढलं. बायोस ज्या चिपमध्ये असतो ती ज्वारीच्या दाण्याएवढी, आठ पायांची. तिला क्लिप लावून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रानं वाचायचा प्रयत्न केला, क्लिप नीट बसेना. शेवटी हॉट एअरनं चिप उतरवली, आत होतं ते सगळं आधी वाचून घेतलं, त्याच मॉडेलचा बायोस भरला, लॅपटॉपचा सीरियल नंबर जुन्यातून काढून नव्यात बसवला आणि चिप परत जोडली. तीन संध्याकाळी गेल्या. सरांचं नशीब की डिस्कला धक्का लागला नव्हता, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा निघाल्या. पण चिप काढताना बोर्डावरचा एखादा पॅड, म्हणजे चिपचा पाय जिथे जोडतात ती जागा, उचलला गेला असता तर बोर्डच बदलावा लागला असता.

बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर इन्व्हर्टर नसेल तर अपडेट लावू नका. सेटिंग्जमध्ये अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतात, तेवढ्यात बॅटरी बदला. बॅटरीचे पैसे वाचवणं हा मला सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट वाटतो.

अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कुठे आहे हे माहीत नसणं

यावर मी ग्राहकांशी अक्षरशः भांडते. अपडेटनंतर, विशेषतः बायोस बदलल्यावर, कधीकधी निळा पडदा येतो आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मागतो. आकडे अठ्ठेचाळीस, सहा-सहाचे आठ गट. तुम्ही म्हणता, मी असं काही लावलंच नव्हतं. बरोबर आहे, तुम्ही लावलं नव्हतं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते.

पण ते खातं कुणाचं? आपल्याकडे लॅपटॉप घेताना दुकानातला पोरगा सगळं सेट करून देतो. मनाला येईल तो ईमेल टाकतो, पासवर्ड टाकतो आणि विसरतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी अशीच आली होती. निळा पडदा आल्यावर तिच्या चुलतभावानं विंडोज मारून टाकलं होतं. प्रकल्पाचा अहवाल गेला आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे फोटोही गेले. ज्यानं खातं काढलं होतं त्याचा पत्ता आम्ही शोधला, त्यानं ते दुकान कधीच सोडलेलं. ईमेल आठवला असता तरी काही उपयोग नव्हता, कारण डिस्क पुसून झाली होती. नुसत्या निळ्या पडद्यासह ती आली असती तर निदान शोधायला वेळ होता. किल्लीशिवाय ती डिस्क मीच काय, कुणीच उघडू शकत नाही. कुणी हजार-दोन हजारात उघडून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

आजच, लॅपटॉप नीट चालू आहे तोवर बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप. चालू असेल तर मोबाईलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, आपला लॅपटॉप निवडा आणि किल्ली कागदावर उतरवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. खातं कुणाचं ते कळत नसेल तर एन्क्रिप्शन बंद करा, स्वतःचं खातं जोडा, मग पुन्हा चालू करा. मी स्वतः किल्ली लॅपटॉपच्या बिलामागे पेन्सिलीनं लिहिते आणि बिल रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते.

बाकीच्या चुका

पहिल्याच दिवशी ‘स्लो झाला’ म्हणून घाबरणं. मोठ्या अपडेटनंतर काही तास मागे फाइलींची नवी यादी बनत असते, अँटिव्हायरसची तपासणी चालू असते. एक दिवस द्या.

वायफाय गायब झालं की ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकणं. (ड्रायव्हर म्हणजे वायफायसारखा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर.) माझ्याकडे येणारे निम्मे घोळ यानंच वाढलेले असतात. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफायच्या ड्रायव्हरला ‘रोल बॅक’ करून, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर नेऊन, बघा. ते बटण दाबता येत नसेल तर मोबाईल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या.

पडदा काळा, पण बाण दिसतोय? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. अनेकदा एवढ्यानं भागतं.

डिजिटल सहीचा टोकन किंवा प्रिंटर दिसत नाही. त्यासाठी अख्खं विंडोज मारू नका. टोकनचं किंवा प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाका.

मराठी टाइप होत नाही. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलून बघा, मगच दुकानात या.

इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘हेल्पलाइन’ला फोन करणं. विंडोजच्या खऱ्या त्रुटीच्या पडद्यावर फोन नंबर नसतो. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि बँकेचं खातं साफ होतं. असं झालंच असेल तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा, लॅपटॉपचं नंतर बघू.

विंडोज मारायच्या आधी

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर तो दोन-तीनदा अर्धवट सुरू होऊन आपणच दुरुस्तीच्या पडद्यावर येतो. विंडोज उघडत असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की तोच पडदा मिळतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, अनइन्स्टॉल अपडेट्स. शेवटचं छोटं अपडेट काढा. दहापैकी सहा लॅपटॉप मी एवढ्यावर परत देते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, संपल्यापासून बरेच जण घाईनं ११ वर गेलेत. पटत नसेल, हार्डवेअर झेपत नसेल, तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘गो बॅक’ आहे. ते फक्त दहा दिवस चालतं. आणि त्यासाठी लागणारं जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं, वीस-वीस जीबीचं. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून लोक पहिल्यांदा तेच उडवतात. दहा दिवस त्याला हात लावू नका. जागा हवीच असेल तर डाउनलोड्समधले सिनेमे काढा.