जुन्या गाडीचे जाम झालेले स्टिअरिंग कसे काढावे

इंडिकेटरचा स्विच बदलायचा म्हणून नट काढला, आणि स्टिअरिंग जागचे हलेना. पद्मिनी असो, अ‍ॅम्बॅसेडर असो की जुनी मारुती 800, वीस-तीस वर्षे एकदाही न निघालेल्या स्टिअरिंगचे हे हमखास होते. स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसते त्या शाफ्टच्या टोकाला बारीक उभे दाते असतात आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागाच्या, म्हणजे हबच्या, पोटात तशाच खाचा. पावसाळ्याची दमट हवा त्या फटीत शिरते, गंज फुगतो आणि दोन्ही एकजीव होतात. हब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आणखी अवघड, कारण त्याची पांढरी भुकटी दात्यांत ठासून बसते.

तुमच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर इथेच थांबा. ते काम अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घ्या. पुढचे सगळे बिनएअरबॅगच्या गाड्यांसाठी.

आधी पुढची चाके सरळ करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, म्हणजे हॉर्नची वायर कुठे टेकून शॉर्ट होणार नाही. मग हॉर्नचे बटण काढा. काही गाड्यांत ते ओढून निघते, काहींत स्टिअरिंगच्या मागच्या बाजूने स्क्रू असतात. आतली स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट कसे बसले आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता नट. नीट बसणारा सॉकेट आणि लांब दांडा घ्या, आणि दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगा. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावू नका, लॉकची पिन तुटते. नट सुटला की तो पूर्ण काढायचा नाही. तीन-चार आटे राहतील इतकाच वर घ्या. हब कधीकधी फटकन सुटतो आणि स्टिअरिंग थेट तोंडावर येते. नट असला तर ते तिथेच अडते. मग शाफ्ट आणि हब या दोन्हींवर पंचने एकेक समोरासमोर खूण करा.

दात्यांच्या फटीत गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी पुन्हा एकदा मारा. घाई असली तरी ही रात्र सोडू नका, निम्मे काम तीच करते.

शाफ्टच्या टोकावर हातोडा मात्र नको. आमच्या पद्मिनीवर एका गॅरेजमध्ये तेच झाले. टोक छत्रीसारखे पसरले, आटे गेले आणि नट पुन्हा चढेना. शिवाय तो घाव शाफ्टमधून खाली बेअरिंगला आणि स्टिअरिंग बॉक्सला बसतो.

हातोड्याऐवजी पुलर, म्हणजे स्क्रूच्या जोराने हब खेचून काढणारे हत्यार, लावा. बऱ्याच हबवर नटाच्या दोन्ही बाजूंना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत पुलरचे बोल्ट चांगले सात-आठ आटे तरी चढवा. दोन-तीन आट्यांवर जोर दिला तर भोकाचेच आटे उपटून येतात. मधला स्क्रू शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकवा. भोके नसतील तर हबला खालून पकडणारा दोन पायांचा पुलर घ्या, पण त्याचे पाय स्टिअरिंगच्या आऱ्यांना लावू नका, आरे वाकतात.

स्क्रू आवळत न्या. ताण चांगला बसला की थांबा आणि पाच-दहा मिनिटे जाऊ द्या. मग पाव फेरा आणखी. तरीही हलले नाही तर ताण तसाच ठेवून हबच्या धातूला हॉट एअर गनने ऊब द्या. त्याआधी सांडलेला स्प्रे पुसून घ्या, तो पेट घेतो. गॅसची ज्योत वापरू नका, स्टिअरिंगचे प्लास्टिक आणि कॉलममधले बुश दोन्ही जातील. ऊब दिल्यावर पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हलकीशी एक टिचकी चालते. सुटताना ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. एकदा ऐकलात की पुढच्या वेळी लगेच ओळखाल.

परत बसवताना दाते तारेच्या ब्रशने घासा आणि ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंडिकेटरची दांडी मधोमध ठेवा, नाहीतर वळणानंतर ती आपोआप परत आणणारी कळ मोडते. खुणा जुळवा, जुना वायसर चपटा झाला असेल तर नवा घाला आणि नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, आवळा. बॅटरी जोडून हॉर्न वाजवून पाहा. मग मोकळ्या मैदानात सावकाश दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घ्या आणि गाडी थांबवून नट पुन्हा एकदा तपासा.