नागपुरात दारूमुक्तीसाठी योग्य सभा कशी निवडावी

दारू सोडायचे ठरवलेल्या माणसाला ‘एए मीटिंगला जा’, म्हणजे दारू सोडू इच्छिणारे एकमेकांना आधार देण्यासाठी जमतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जा, असा सल्ला सहज मिळतो; कोणत्या मीटिंगला जावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग तो घराजवळची पहिली सभा गाठतो आणि तेथे मन लागले नाही की ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून मोकळा होतो. सभा निवडताना ती किती जवळ आहे, यापेक्षा आपली प्यायची वेळ कोणती, हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ बुटीबोरीच्या एका कारखान्यात जनरल शिफ्टला होते. कंपनीची बस त्यांना साडेसहाला वर्धा रोडवरच्या चौकात सोडी आणि चौकापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेवरच दुकान होते. रविवारी सकाळची सभा त्यांच्या घराजवळ भरे, तेथील माणसेही चांगली होती. पण रविवारी सकाळी त्यांना दारूची आठवणच होत नसे. अखेर त्यांनी चौकात उतरणे सोडले आणि तसेच पुढे बर्डीला जाऊन सात वाजताची सभा धरली. ती संपवून परतेपर्यंत पोटात भुकेचा आगडोंब उसळलेला असे, त्यामुळे दुकानासमोरून ते थेट घरच्या ताटाकडेच निघत.

सभेच्याही आधी एक काम आहे. जो रोज आणि भरपूर पितो, त्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू बंद करू नये; हातपाय थरथरणे, घाम, झोप उडणे यांपुढे जाऊन पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात दाखवावे. सभेत आधार मिळतो, औषधोपचार नव्हे. भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. दारू पिणाऱ्याच्या नकळत अन्नात औषध मिसळणे धोक्याचे असते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झाली. तिच्या सभांना फी नसते आणि सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट असते. सभांचे वार, वेळा आणि पत्ते संस्थेच्या भारतातील संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर विचारावेत. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकही आहे. छापील यादी जुनी असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी गटाच्या क्रमांकावर एक फोन अवश्य करावा. सभा मराठीत चालते की हिंदीत, खोली कोणत्या मजल्यावर आहे, दाराशी कोणी भेटेल का, हे संकोच न करता विचारावे. सभा खुली आहे की बंद, हेही विचारून घ्यावे. खुल्या सभेला घरचे किंवा मित्र सोबत येऊ शकतात, बंद सभा मात्र ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच असते.

‘कोणी ओळखीचा भेटला तर?’ ही धास्ती खरी असते. महालात राहणाऱ्याने धरमपेठेतली सभा धरली तरी चालते. तेथेही ओळखीचा चेहरा दिसलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. पहिल्या दिवशी बोलावेच लागत नाही. ‘आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे पुरे. पूर्ण नाव किंवा पत्ता सांगण्याचीही गरज नसते. शेवटी खर्चासाठी थैली फिरवली, तर ती तशीच पुढे सरकवावी. नव्याने आलेल्याकडून कोणी पैशांची अपेक्षा धरत नाही. परमेश्वराचा उल्लेख ऐकून नास्तिकाने बिचकू नये, कारण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लावायचा असतो.

एकाच सभेवरून मत बनवू नये. एकाच गटात निदान तीन-चार वेळा बसून पाहावे, कारण वक्ते बदलतात तसा खोलीचा नूरही बदलतो. आपण ऐकताना किती वेळा मनात ‘हे तर माझेच’ म्हटले, ही माझ्या मते खरी कसोटी. उलट, जेथे कोणी डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगतो, उसने पैसे मागतो किंवा आत ऐकलेले बाहेर टपरीवर बोलतो, ती जागा बेलाशक बदलावी. पुरुषच अधिक असलेल्या खोलीत अवघडणाऱ्या महिलांनी महिलांची सभा किंवा ऑनलाइन सभा विचारावी. मार्गदर्शक म्हणून स्पॉन्सर निवडताना पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडणे बरे. घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट असतात, आणि पिणारा तयार नसला तरी त्याच्या पत्नीला तेथे जाता येते.

सभा पसंत पडली की त्याच दिवशी दोघांचे फोन नंबर घेऊन ठेवावेत आणि आणखी एक गोष्ट विचारावी: होळीला, पोळ्याला आणि 31 डिसेंबरला ही खोली उघडी असते का? नसल्यास त्या संध्याकाळी शहरात कोणता गट बसतो, ते तेथेच लिहून घ्यावे.