मन लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी

गोव्यात फोंड्याला माझं औषधाचं दुकान आहे. संध्याकाळची गर्दी ओसरली की एखादं ओळखीचं माणूस काउंटरला टेकतं आणि म्हणतं, "बाय, मन लागत नाही गो. एखादं टॉनिक दी." टॉनिकं पुष्कळ आहेत माझ्याकडे. पण मन न लागण्यावर ती चालत नाहीत, म्हणून मी बाटली काढत नाही. त्याऐवजी जे सांगते ते इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. दोन आठवडे होऊन गेले तरी झोप नाही, जेवण जात नाही, आवडीचं काहीच आवडत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरकडे जा. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे माझा सल्ला पुरायचा नाही.

उरतात ते बाकीचे, आणि तेच जास्त असतात. पेन्शन वेळेवर येते, मुलं पुण्या-बंगळुरात नीट आहेत, घराला गळती नाही, तरी दिवस कोरडा जातो. त्यांना मी एकच विचारते: उद्या संध्याकाळी तुम्ही कुठे गेला नाहीत, तर कोणाच्या लक्षात येईल? उत्तर सापडत नसेल तर तिथूनच कामाला लागायचं.

हे केवळ माझं मत नाही. जगातल्या देशांच्या सुखाचा जो अहवाल २०१२ पासून निघतो, त्यासाठी लोकांना आपल्या आयुष्याला ० ते १० गुण द्यायला सांगतात. त्याबरोबर हेही विचारतात, की अडचणीत हक्काने हाक मारावी असं तुमचं कोणी आहे का? हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून काही माणसांचं अख्खं आयुष्य नोंदवत आले आहेत. त्यात असं दिसलं, की ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल हे पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून कळण्यापेक्षा, पन्नाशीत तो आपल्या माणसांबरोबर किती समाधानी होता यावरून जास्त नीट कळतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मी रोज विकते, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. गोळी मात्र कोणी बंद करू नका.

मग जायचं कुठे? आपल्याकडे सर्वांत सोपी वाट देवळातून जाते. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की वाड्यावाड्यावर घुमट आरतीचा, म्हणजे घुमट या मडक्यासारख्या मातीच्या वाद्यावर म्हणायच्या आरत्यांचा सराव सुरू होतो. माझं घर म्हार्दोळच्या बाजूला. आमच्याकडे आता बायकांचाही मेळ, म्हणजे वाजवणाऱ्यांचा गट आहे आणि मी त्यात शामेळ हे ढोलासारखं तालवाद्य वाजवते. घुमटाची एक बाजू कातड्याने मढवलेली आणि दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने ते तोंड झाकत-उघडत आवाज फिरवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण मला त्यातलं सांगायचं आहे ते वेगळंच. घुमटं चार असोत की दहा, शामेळ नसेल तर आरती उभी राहत नाही, आणि कासाळं, म्हणजे झांजा वाजवणारी आली नाही तर ताल सुटतो. दुकान बंद करायला उशीर झाला की फोन वाजतो, "पोचलीस का?" दिवसभर शंभर माणसांशी बोललेली असते मी. त्या दोन शब्दांनी जे वाटतं ते त्या शंभरांत नसतं.

नवीन माणसाने असं करावं. पहिल्या दिवशी वाजवायला मागू नये. सरावाला जाऊन मागे बसावं, आरतीचे शब्द पाठ करावेत, टाळ्या धराव्यात. चटया घालायला, चहाचे पेले गोळा करायला हात लावावा. सलग येत राहिलात की कोणीतरी आपणहून कासाळं हातात देतं. सलग येणं हेच महत्त्वाचं. एकदा जाऊन "मला कोणी विचारलं नाही" म्हणत परत येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण आणखी दोन खेपा केल्या असत्या तर त्यांना विचारलं असतं.

देवाधर्मात रस नसेल त्यांनी गावच्या जत्रेतलं मराठी नाटक धरावं. अभिनय यायलाच हवा असं नाही. तालमीला पुस्तक धरून बसणारा प्रॉम्प्टर प्रत्येक गावाला हवा असतो, आणि पाठांतर कच्चं असलेला नट तर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. पडदा, कपडेपट, रंगभूषा, कुठेही शिरा. भजन, वाचनालय, फुटबॉल, काहीही चालेल, फक्त तिथे तुमची गैरहजेरी जाणवली पाहिजे.

ज्यांना घर सोडणं जमत नाही त्यांनी दारातून सुरुवात करावी. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंपू वाजवत येतो. फ्लॅटमध्ये राहणारे पाव सुपरमार्केटातून आणतात, त्यांनी खाली उतरावं. गरम उंडो, म्हणजे गोल पाव घ्यावा, पोदेराच्या गावची चौकशी करावी. म्हार्दोळच्या रस्त्यावर जायांची फांती, म्हणजे जाईच्या फुलांची माळ घ्याल तेव्हाही दोन शब्द बोला. अशा किरकोळ बोलण्यानेही माणसाला बरं वाटतं, हे २०१४ च्या एका अभ्यासात कॉफी विकणाऱ्यांशी गप्पा मारणाऱ्यांबाबत तपासून पाहिलेलं आहे.

मोबाइलबद्दल थोडंच. मुलांशी जरूर बोला, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं सुप्रभात कोणी वाचलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. ते कोणाची वाट पाहणं नव्हे.

आणि घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर ते सुखी व्हावं म्हणून त्याला नुसतं आरामात ठेवू नका. त्याच्याकडे काहीतरी मागा. आमच्या मेळातल्या एकीच्या सासूला चालता येत नाही, पण जुन्या आरत्यांची कडवी तिलाच येतात. आम्ही तिच्या खोलीत बसून वहीत उतरवून घेतो. एखादं कडवं आम्ही चुकीचं म्हटलं की ती हात वर करून थांबवते आणि आम्हाला पहिल्यापासून म्हणायला लावते.

श्रावणाला अजून अवकाश असेल तर शेजारच्या देवळात भजनाचा वार कोणता ते विचारून ठेवा, आणि त्या वारी दुसरं काही ठरवू नका.