डिटेक्टिव्ह गेम बनवताय? मग या चुका टाळा, आम्ही करून बसलोय

मी आणि माझा एक मित्र नोकरी सांभाळून, रात्री जागून एक छोटा डिटेक्टिव्ह गेम बनवतोय. जुना वाडा, मालक खोलीत मेलेले, सहा भाडेकरू आणि सहाही साळसूद. गेम अजून बाहेर आलेला नाही, पण करायच्या चुका फारशा शिल्लक नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात मोठी चूक अशी की खुनी कोण हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे प्रत्येक क्लू आपल्याला ढळढळीत वाटतो. आमचा लाडका क्लू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. मालक दुधाच्या खाड्याला, म्हणजे दूध घेतलं नाही त्या दिवसाला, निळ्या पेनने गोल करायचे, पण शेवटचे दोन गोल काळ्या पेनने केलेत, म्हणजे ते दुसऱ्याच कुणीतरी केलेत, म्हणजे मालक तेव्हा जिवंतच नव्हते. आम्ही जाम खूश. मग आतेभावाला खेळायला बसवला, वय एकवीस. त्याने कॅलेंडर झूम केलं, दोन मिनिटं टक लावून बघितलं आणि म्हणाला, ‘दादा, हे सगळ्यांचे बर्थडे आहेत का?’ त्याच्याकडे दूध ॲपवरून येतं, खाडा हा शब्दच त्याने कधी ऐकलेला नाही.

माझं पहिलं म्हणणं होतं की एवढं कळायला पाहिजे यार. तीच खरी चूक. टेबलावर बसून रोलप्ले (एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं) खेळवणाऱ्या लोकांत एक नियम फिरतो, की जो निष्कर्ष खेळाडूने काढलाच पाहिजे त्याच्यासाठी किमान तीन क्लू ठेवा, कारण एक त्याला दिसणार नाही आणि दुसऱ्याचा तो भलताच अर्थ लावेल. आता आमच्याकडे गवळी बोलता बोलता सांगतो की मालक स्वतः गोल करायचे, दुधाच्या वहीत तेच खाडे निळ्या शाईत आहेत आणि मालकांच्या सदऱ्याच्या खिशात एकच पेन आहे, निळं. हे न करता नुसतं कोडं अवघड केलं तर काय होतं त्याचा जुना नमुना म्हणजे १९९९ चा ‘गॅब्रियल नाइट ३’ हा गेम. तिथे मोटरसायकल भाड्याने मिळवायला मांजराच्या केसांची खोटी मिशी करून सिरपने चिकटवायची असते, आणि ज्या माणसाचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नाही! लोक आजही हसतात त्याला.

दुसरीकडे, खेळाडूने आरोपीवर बोट ठेवलं की लगेच बरोबर-चूक सांगू नका. आमच्या गेममध्ये सहाच भाडेकरू, एकाने ओळीने सहाही जणांवर क्लिक केलं आणि चार मिनिटांत केस सोडवली. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये (२०१८, बनवणारा लुकस पोप) जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, पण गेम उत्तरं तिघांची मिळून पक्की करतो, तिन्ही बरोबर आली तरच. तुक्का मारता येतो, पण एकाच वेळी तीन मारावे लागतात, त्यापेक्षा विचार केलेला परवडतो.

आणि ती आपोआप भरणारी डायरी, प्लीज नको. ‘हा माणूस खोटं बोलतोय असं दिसतं’ असं गेमनेच लिहिलं तर खेळाडू डिटेक्टिव्ह कसला, कारकून झाला. डायरीत कोण काय म्हणालं तेवढं ठेवा.

बटणांवरच्या शब्दांचा घोळ तर मोठमोठ्यांनी घातलाय. ‘एल. ए. नॉयर’मध्ये २०११ साली चौकशीत खरं, शंका आणि खोटं असे तीन पर्याय होते, तुम्ही जरा शंका घ्यायला जायचात आणि हिरो समोरच्या माणसावर एकदम खेकसायचा. २०१७ च्या आवृत्तीत त्यांनी शब्द बदलून गुड कॉप, बॅड कॉप आणि आरोप असं केलं.

टायपिंग ठेवणार असाल तर त्याहून सांभाळून. १९८३ च्या जपानी ‘पोर्टोपिया’मध्ये तो बनवणाऱ्या युजी होरीने कमांड टाइप करायला लावल्या होत्या, १९८५ ला तोच गेम फॅमिकॉमवर (टीव्हीला जोडायचा निन्टेंडोचा गेम-यंत्र) आणताना मेन्यू दिला. उलट ‘हर स्टोरी’त (२०१५) शब्द टाइप करून पोलीस चौकशीच्या व्हिडिओ क्लिप शोधणं हाच खेळ आहे, कितीही क्लिप सापडल्या तरी पहिल्या पाचच दिसतात. आम्ही मराठीत नाव टाइप करायला दिलं आणि कुलकर्णी की कुळकर्णी यावर एक बिचारा अर्धा तास अडकला, त्याला खुनी केव्हाच कळला होता. शेवटी आम्ही गुपचूप यादी दिली.

आता मार्केटिंग. इथे आम्ही अक्षरशः माती खाल्ली. ट्रेलरमध्ये पाऊस, कंदील, सावल्या, दारामागून डोकावणारे डोळे, सगळं होतं, फक्त खेळाडू नक्की काय करतो तेच नव्हतं. दोन जबान्या शेजारी-शेजारी दाखवा, बघणाऱ्याला विसंगती स्वतःला दिसू द्या, बास. आणि स्टोअर पेजसाठी स्क्रीनशॉट मित्राने निवडले, त्यातला दुसराच फोटो म्हणजे काळ्या पेनाचं कॅलेंडर, फुल झूममध्ये.

स्टीमचं, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं, गणितही आधी समजून घ्या. पेजसाठी १०० डॉलर भरावे लागतात, ते ठीक. पण नेक्स्ट फेस्टमध्ये (येणाऱ्या गेमचे डेमो दाखवायचा स्टीमचा महोत्सव) एक गेम एकदाच जाऊ शकतो, त्यामुळे अर्धवट डेमो घेऊन घाईने घुसू नका, डेमोत एक छोटी केस पूर्ण सुटली पाहिजे. शिवाय विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, त्यात खुनी एकदा कळला की पुन्हा खेळायला कोण येतंय, म्हणून दीड तासाचा गेम असेल तर विचार करा.

परवा आत्याला बसवलं. तिला खाडा समजवायची गरजच नव्हती. कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, ‘अरे, हा दुसरा काळा गोल कोजागिरीला आहे. कोजागिरीला कोण दुधाचा खाडा करतं?’ आम्ही ऑक्टोबरचं कॅलेंडर एका जुन्या कॅलेंडरवरून जसंच्या तसं काढलं होतं, तारीख काय आहे ते बघितलंच नव्हतं. तो आता चौथा क्लू आहे.